पेशींमध्ये घडवलेले फॅक्टर आठ आणि नऊ : कोणती कुपी कशी वागते

फॅक्टर आठ आणि नऊ ही रक्त गोठवणारी प्रथिनं; आठ कमी पडला तर हिमोफिलिया ए, नऊ कमी पडला तर हिमोफिलिया बी, आणि उपचार म्हणजे तो फॅक्टर शिरेतून टोचणं. हजार युनिटच्या कुपीत प्रत्यक्ष फॅक्टर आठ असतो तो ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम. तळाशी जी पांढरी चकती दिसते ती जवळपास सगळी ट्रेहॅलोज किंवा सुक्रोज, मॅनिटॉल, हिस्टिडीन आणि क्षार यांची. फॅक्टर नऊचं तसं नाही, हजार युनिटला चार-पाच मिलिग्रॅम प्रथिन लागतं. या दोन आकड्यांतच या औषधांचं निम्मं गणित आहे. फॅक्टर आठ अत्यल्प मात्रेत काम करतो, पण बनवायला भयंकर अवघड. फॅक्टर नऊ भरपूर लागतो, पण धडधाकट आहे.

इथे आढावा आहे तो रिकॉम्बिनंट फॅक्टर्सचा, म्हणजे मानवी जनुक घातलेल्या सस्तन प्राण्यांच्या पेशी टाकीत वाढवून त्यांच्याकडून करवून घेतलेल्या प्रथिनांचा. रुग्णाच्या घरचे लोक हटकून विचारतात, ‘यातला सगळ्यात शुद्ध कुठला?’ आमच्या मते हा प्रश्न गेल्या वीस वर्षांत जवळपास मिटला आहे. आता विचारायचं ते वेगळं : कोणत्या पेशीत बनला, त्याला काय जोडलंय आणि तुमच्या प्रयोगशाळेची चाचणी तो बरोबर मोजते का. तिसरा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

पेशी मुख्यतः तीन प्रकारच्या. चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयाच्या (सीएचओ), हॅमस्टरच्या पिल्लाच्या मूत्रपिंडाच्या (बीएचके) आणि मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडातून निघालेल्या (एचईके २९३). जिवाणूंत हे काम होत नाही, कारण साखळी तयार झाल्यावर तिच्यावर साखरेच्या शाखा चढवणं, ठरावीक टायरोसिनना सल्फेट लावणं, फॅक्टर नऊमध्ये १२ ग्लुटामिक आम्लांचं गॅमा कार्बोक्सिलेशन करणं (त्यांना एक जास्तीचा आम्लगट जोडणं) ही कारागिरी त्यांना येत नाही. (फॅक्टर तेराचा ‘ए’ भाग मात्र साखरेविना चालतो, म्हणून तो यीस्टमध्ये बनवता येतो.) हॅमस्टरच्या पेशी साखरेच्या काही शाखा थोड्या वेगळ्या जोडतात. माणसात नसणारे असे तुकडे एचईके पेशींच्या मालात येत नाहीत. कागदावर हा एचईकेचा मोठा फायदा दिसतो. पण तेवढ्यावर एखादं उत्पादन दुसऱ्यापेक्षा सुरक्षित ठरवावं, असं आम्हाला वाटत नाही. सीएचओ पेशींतली औषधं दशकानुदशकं वापरात आहेत.

फॅक्टर आठ महाग आणि अधूनमधून दुर्मीळ का होतो, ते टाकीत काय घडतं यावरून कळतं. २३३२ अमिनो आम्लांची ही साखळी पेशीच्या आत नीट घडी होताना अडखळते. ‘बिप’ नावाचं राखणदार प्रथिन तिला धरून ठेवतं आणि बराच माल पेशीबाहेर येतच नाही. जो येतो तो, रक्तात त्याला सांभाळणाऱ्या फॉन विलेब्रँड फॅक्टर या प्रथिनाच्या आधाराशिवाय, पोषकद्रवात तग धरत नाही : जड आणि हलकी साखळी सुटी होते, मेलेल्या पेशींतून सुटलेले प्रोटिएझ (प्रथिनं कापणारी एन्झाइम्स) तिचे तुकडे करतात, बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर तिची घडी मोडते. म्हणून रिकॉम्बिनेट आणि ॲडव्हेट या फॅक्टर आठच्या औषधांच्या पेशींत फॉन विलेब्रँडचंही जनुक घातलेलं आहे, दोन्ही प्रथिनं एकाच वेळी बनतात. कोजेनेटने दुसरी वाट धरली. टाकीतून द्रव सतत काढत राहायचा, पेशी आतच रोखायच्या आणि काढलेला द्रव लगेच थंड करायचा, म्हणजे फॅक्टरला टाकीत रेंगाळायला वेळच मिळत नाही. तिसरी वाट म्हणजे मधला बी-डोमेन, सुमारे ९०० अमिनो आम्लांचा तुकडा, काढूनच टाकायचा. रक्त गोठवायला तो लागत नाही आणि तो नसला की पेशीतून माल अधिक निघतो. रिफॅक्टो, झिन्था, नोव्होएट, न्यूविक या सगळ्यांत तो काढलेला किंवा अगदी लहान केलेला आहे.

यांच्या पिढ्या करतात त्या मानवी किंवा प्राणिज प्रथिन कुठवर वापरलं यावरून. रिकॉम्बिनेट १९९२ मध्ये आणि कोजेनेट १९९३ मध्ये आले तेव्हा अंतिम कुपीत टिकाऊपणासाठी मानवी अल्ब्युमिन असायचं, म्हणजे रक्तद्रवापासून सुटका अर्धवटच होती. पुढे कोजेनेट एफएसमध्ये अल्ब्युमिनची जागा सुक्रोजने घेतली, पण पेशी वाढवताना मानवी प्रथिन लागतच होतं. २००३ चं ॲडव्हेट हे वाढीपासून कुपीपर्यंत कुठेही असं प्रथिन न घालणारं पहिलं फॅक्टर आठचं औषध. १९८० च्या दशकात रक्तद्रवातून काढलेल्या फॅक्टरमधून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी किती घरांत शिरले हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या पायरीचं मोल सांगायला नको.

विषाणूंविरुद्धचे टप्पे आता जवळपास सगळीकडे सारखे आहेत. सॉल्व्हंट-डिटर्जंटने आवरण असलेले विषाणू फुटतात. आवरण नसलेल्यांवर त्याचा परिणाम होत नाही, त्यांच्यासाठी गाळणी आणि क्रोमॅटोग्राफीचे, म्हणजे हवं ते प्रथिन वेगळं काढणारे, स्तंभ. नोव्होएटमध्ये २० नॅनोमीटरची गाळणी आहे, झिन्थात ३५ ची. पार्व्होविषाणू २० च्या आसपास असतो, त्यामुळे ३५ ची गाळणी त्याला पुरती अडवत नाही. तिथे भिस्त स्तंभांवर आणि मुळात टाकीत तो येऊच न देण्यावर. शुद्धीकरणाच्या स्तंभावर बहुतेक जण उंदराच्या पेशीतली मोनोक्लोनल अँटिबॉडी (नेमका फॅक्टरच पकडणारं प्रथिन) वापरतात. झिन्थाने तिच्या जागी कृत्रिम पेप्टाइड घेतलं, हा एक चांगला बदल. हॅमस्टर किंवा उंदराच्या प्रथिनाची तीव्र ॲलर्जी माहीत असेल तर ती डॉक्टरांना आधी सांगावीच, कारण अंशमात्र प्रथिन मागे राहतं. बाकी या पिढीतल्या कुप्यांमध्ये सुरक्षिततेच्या नावाखाली डावं-उजवं करण्यासारखं काही नाही.

आता हाताळणी. इथे उत्पादनांत खरा फरक जाणवतो आणि चुकाही इथेच होतात.

ॲडव्हेटच्या जोडणीत दोन सुया असलेला प्लास्टिकचा जोड येतो. पारदर्शक टोक आधी पाण्याच्या कुपीत, मग सगळं उलटं करून पांढरं टोक पावडरच्या कुपीत. पावडरच्या कुपीत निर्वात पोकळी असते, ती पाणी आपोआप ओढते. क्रम उलटा झाला तर पोकळी आधीच संपते आणि पाणी वर तसंच राहतं. अशी कुपी हलवून, दाबून पाणी उतरवण्याची खटपट करू नये; ती बाजूला ठेवून आपल्या हिमोफिलिया उपचार केंद्राला कळवावं. दोन्ही कुप्या आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्याव्यात. फ्रिजमधून काढल्या काढल्या जोडल्या तर पावडर विरघळायला वेळ लागतो आणि माणूस हमखास कुपी जोरात हलवतो. जोरात हलवणं हेच टाळायचं आहे : फेस म्हणजे हवा आणि द्रव यांच्या सीमेवर ताणली गेलेली प्रथिनं, त्यातली काही परत कामाला येत नाहीत. पॉलिसॉर्बेट ८० हे नुकसान कमी करण्यासाठीच घातलेलं असतं, पण त्यालाही मर्यादा आहे. कुपी टेबलावर ठेवून हळूच गोल फिरवायची. द्रव स्वच्छ आणि रंगहीन हवा. धागे, कण, गढूळपणा दिसला तर टोचायचा नाही. रबरी बूच स्पिरिटने पुसल्यावर वाळू द्यायचं, ओल्यातच टोचायचं नाही. सिरिंज प्लास्टिकचीच घ्यायची, काचेला हे प्रथिन चिकटतं. तयार द्रव तीन तासांत वापरायचा, परत फ्रिजमध्ये ठेवायचा नाही.

झिन्थाची दोन कप्प्यांची सिरिंज यापेक्षा सोपी. एका कप्प्यात पावडर, दुसऱ्यात ४ मिलिलिटर सलाइन. दट्ट्या ढकलला की मिसळतं. कुपी, जोड, बूच पुसणं हे सगळं गाळलं जातं, त्यामुळे प्रवासात आणि शाळकरी मुलांसाठी हीच रचना आम्हाला सर्वांत आवडते. एकच पथ्य : दट्ट्या सावकाश आणि सिरिंज उभी धरून ढकलायचा, नाहीतर फेस होतो.

साठवण बहुतेकांची २ ते ८ अंश सेल्सिअस. ॲडव्हेट ३० अंशांपर्यंत सहा महिने बाहेर चालतं, पण एकदा बाहेर काढलं की परत फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. बाहेर काढल्याची तारीख खोक्यावर पेनाने लिहावी, ती कोणाच्याच लक्षात राहत नाही. गोठवायचं कधीच नाही. फ्रिजच्या मागच्या भिंतीला चिकटून ठेवलेली खोकी गोठतात, आणि बर्फाच्या पिशवीला थेट टेकवून नेलेलीही.

कुपीवरचा आकडा नीट वाचा. ‘१००० युनिट’ हा नाममात्र गट असतो. त्या लॉटची मोजलेली ताकद, समजा १०६७, वेगळी छापलेली असते आणि हिशेब तिच्यावर करायचा. डोसचा ढोबळ हिशेब असा : फॅक्टर आठचं एक युनिट दर किलो वजनाला रक्तातली पातळी (निरोगी माणसाची १०० टक्के धरून) सुमारे २ टक्के वाढवतं. ६० किलोच्या माणसाला ४० टक्के वाढवायची तर ६० × ४० × ०.५, म्हणजे १२०० युनिट. हा समजण्यासाठी, तुमचा डोस तुमचं केंद्रच ठरवेल. आणि शक्य तोवर उघडलेली कुपी पूर्ण वापरावी. उरलेले दीडशे युनिट टाकून देण्यात काहीच शहाणपण नाही.

अर्धायुष्यावर, म्हणजे रक्तातला फॅक्टर निम्मा व्हायला लागणाऱ्या वेळावर, बोलू, कारण जाहिराती तिथेच आहेत. साध्या फॅक्टर आठचं अर्धायुष्य ८ ते १२ तास, मुलांत कमी. बारा तास धरले आणि १०० टक्क्यांपासून सुरुवात केली तर ४८ तासांनी ६ टक्के उरतात, ७२ तासांनी दीड. इलोक्टेट, ॲडिनोव्हेट, जिव्ही, एस्परॉक्ट यांनी ते साधारण दीडपट केलं : कोणी अँटिबॉडीचा एफसी भाग जोडून, कोणी पॉलिएथिलीन ग्लायकॉल जोडून. दीडपट म्हणजे एक दिवसाआडऐवजी तिसऱ्या दिवशी. आठवड्याला एखाददोन टोचण्या वाचतात, शिरा सापडत नसलेल्या मुलाला त्या महत्त्वाच्या आहेतच, पण जाहिरातीतला सूर याहून फार मोठा असतो. दीडपटीच्या पुढे गाडी का जात नव्हती? रक्तातला फॅक्टर आठ जवळपास सगळा फॉन विलेब्रँडला बांधलेला असतो आणि त्याच्यासोबतच बाहेर पडतो. फॅक्टरला काहीही चिकटवा, सुटका त्या जोडीदाराच्या वेळापत्रकानेच.

ही अडचण अल्टुव्हियोने सोडवली, २०२३ मध्ये. फॉन विलेब्रँडचा नेमका जो भाग फॅक्टर आठला धरतो, तोच यात रेणूला आधीच जोडून दिला आहे. जागा भरलेली असल्यामुळे रक्तातला फॉन विलेब्रँड त्याला पकडत नाही. सोबत एफसी आणि लांब सैल पेप्टाइडच्या शेपट्या. मोठ्यांत अर्धायुष्य ४० तासांच्या वर जातं, ५० युनिट प्रति किलो आठवड्यातून एकदा. पहिले चारेक दिवस पातळी ४० टक्क्यांच्या वर राहते आणि सातव्या दिवशी १५ च्या आसपास. इतकी वर्षं १ टक्का राखण्यात समाधान मानणाऱ्यांसाठी हा फरक फार मोठा आहे. फॅक्टर आठमध्ये खऱ्या अर्थाने नवीन म्हणावं असं आम्हाला हे एकच वाटतं.

पॉलिएथिलीन ग्लायकॉलवाल्यांबद्दल एक राखीव मत. ते शरीरात मोडत नाही, हळूहळू बाहेर पडतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूतल्या पेशींमध्ये साठलेलं दिसलं आणि युरोपात या गटाला मंजुरी देताना सुरुवातीला १२ वर्षांखालची मुलं वगळली गेली. जिव्हीत अगदी लहान मुलांत पहिल्या चार डोसांतच ग्लायकॉलविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊन औषध निष्प्रभ झाल्याची नोंद आहे. मोठ्या माणसाने घाबरून बदलावं असं यात काही नाही, पण लहान मुलासाठी दुसरा पर्याय हाताशी असेल तर आम्ही तो आधी पाहू.

फॅक्टर नऊची गोष्ट सरळ. १९९७ चं बेनिफिक्स सीएचओ पेशींत बनतं. पोषकद्रवात व्हिटॅमिन के घालावं लागतं, नाहीतर गॅमा कार्बोक्सिलेशन होत नाही आणि फॅक्टर पेशींच्या पडद्याला चिकटत नाही. सुरुवातीचा १८ अमिनो आम्लांचा तुकडा कापायला पेशीतलं एन्झाइम कमी पडतं, म्हणून तेही जास्तीचं घातलेलं असतं. दोन जागी सल्फेट आणि फॉस्फेट मात्र रक्तातल्या फॅक्टर नऊइतके लागत नाहीत, आणि याचा परिणाम डोसवर होतो : रक्तद्रवातल्या फॅक्टर नऊचं एक युनिट प्रति किलो पातळी १ टक्का वाढवतं, बेनिफिक्सचं मोठ्यांत ०.८ आणि मुलांत ०.७. मघाच्याच माणसाला ४० टक्क्यांसाठी २४०० नाही, ३००० युनिट लागतील. रक्तद्रवातल्या फॅक्टरवरून याच्यावर येताना डोस तोच ठेवला की पातळी कमी भरते आणि दोष औषधाला दिला जातो.

बेनिफिक्सचं आणखी एक वैशिष्ट्य कोणी आधी सांगत नाही. शीर सापडली का हे पाहायला सिरिंजमध्ये रक्त ओढलं तर नळीत तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून गोळा होतात. नळीत जेमतेम रक्त दिसलं की थांबायचं, सिरिंजपर्यंत येऊ द्यायचं नाही. गोळा दिसलाच तर नळी, सिरिंज, औषध सगळं टाकून नवं घ्यायचं. ते ढकलायचं नाही.

अर्धायुष्य वाढवण्यात फॅक्टर नऊने बाजी मारली, कारण त्याला जोडीदाराचं बंधन नाही. एफसी जोडलेलं अल्प्रोलिक्स ८० तासांच्या वर, अल्ब्युमिन जोडलेलं आयडेल्व्हियॉन शंभरच्या आसपास, ग्लायकॉल जोडलेलं रेबिनिन नव्वदीत. नव्वद तास धरले तर ४० टक्क्यांपासून सातव्या दिवशी ११ उरतात. हिमोफिलिया बीसाठी साध्या फॅक्टर नऊवर राहण्याचं कारण एकच, लांब टिकणारा मिळत नसणं.

चाचण्यांकडे येऊ. पातळी मोजायच्या दोन पद्धती : एपीटीटीवर (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या चाचणीवर) आधारलेली वन-स्टेज आणि रंगावरून मोजणारी क्रोमोजेनिक. रक्तातल्या मूळ फॅक्टरला दोन्ही सारखंच मोजतात. घडवलेल्या रेणूंना नाही. झिन्थाचा वन-स्टेज आकडा क्रोमोजेनिकपेक्षा २० ते ५० टक्के कमी येतो. ॲफस्टायला या आणखी एका फॅक्टर आठचा वन-स्टेज आकडा दुप्पट करून वाचायचा असतो. अल्टुव्हियोत उलट : क्रोमोजेनिक आकड्याला २.५ ने भागायचं. रेबिनिनला सिलिका असलेलं अभिकर्मक (चाचणीत घालायचं रसायन) वापरलं तर आकडा कित्येक पट फुगतो, आणि आयडेल्व्हियॉनला केओलिनचं वापरलं तर निम्म्यापर्यंत घसरतो. फुगलेला आकडा जास्त घातक. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कागदावर ८० टक्के आणि प्रत्यक्षात त्याच्या अंशाइतके असतील तर टाके सुटल्यावरच कळणार. म्हणून तपासणीच्या अर्जावर ‘फॅक्टर आठ’ एवढंच न लिहिता उत्पादनाचं पूर्ण नाव, डोस आणि टोचल्याची वेळ लिहावी. एमिसिझुमॅब (फॅक्टर आठचं काम करणारी अँटिबॉडी) चालू असेल तर तेही ठळक, कारण त्याने एपीटीटी खोटंच छान दिसतं. तिथे गायीच्या प्रथिनांची क्रोमोजेनिक चाचणीच लागते. कातडीखाली घ्यायच्या त्या औषधाने रोजचं प्रतिबंधक टोचणं पुष्कळांचं थांबलं आहे, पण मार लागल्यावर आणि शस्त्रक्रियेत फॅक्टरची कुपी लागतेच.

इनहिबिटरचा, म्हणजे फॅक्टरला निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडांचा, विषय टाळून चालणार नाही. तीव्र हिमोफिलिया एमध्ये साधारण ३० टक्के मुलांत फॅक्टर आठविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, बहुतेक पहिल्या ५० डोसांच्या आत. कधीही फॅक्टर न घेतलेल्या मुलांवर झालेल्या सिपेट अभ्यासात (२०१६) रिकॉम्बिनंट गटात हे प्रमाण ४४.५ टक्के आणि फॉन विलेब्रँडसह असलेल्या रक्तद्रवातल्या फॅक्टरच्या गटात २६.८ टक्के आलं. रिकॉम्बिनंटचा आम्ही पुरस्कार करतो, तरी हा आकडा झाकणार नाही. अगदी नवीन बाळासाठी हा विचार केंद्राशी बसून करावा. शेकडो डोस झालेल्या माणसाला तो लागू नाही. फॅक्टर नऊत इनहिबिटर कमी, पण होतात तेव्हा सोबत तीव्र ॲलर्जी येऊ शकते, म्हणून पहिले १० ते २० डोस रुग्णालयातच घ्यावेत. इनहिबिटर झालाच तर नोव्होसेव्हन आहे, बीएचके पेशींतला सक्रिय फॅक्टर सात : ९० मायक्रोग्रॅम प्रति किलो, पण दर दोन तासांनी. काम करतं, रात्रभर घड्याळ लावून बसवतं.

उत्पादन बदलणार असाल तर बदलाआधी इनहिबिटरची तपासणी करून घ्या. नव्याचा पहिला डोस दिल्यावर १५ ते ३० मिनिटांनी दुसऱ्या हातातून रक्त काढा, निळ्या झाकणाची नळी रेघेपर्यंत भरून. कमी भरली तर तिच्यातलं सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य) जास्त होतं आणि आकडा चुकतो. पातळी अपेक्षेपेक्षा बरीच कमी आली तर आधी पाहा की चाचणी कोणत्या पद्धतीची झाली, वजन आजचं धरलं का, कुपीवरची खरी ताकद धरली का आणि सिरिंजमध्ये औषध उरलं नव्हतं ना. या चारांतून काही निघालं नाही, की मग त्याच दिवशी इनहिबिटर पुन्हा तपासा.